एका फुंकणीवरचे तिघे

२ फेब्रुवारी

"भट्टीपुढे उभं राहून भुवया जाळून घेणाऱ्या माझ्या बहिणींनो आणि भावांनो, आपल्यापैकी एकालाही न विचारता आपल्या काचेत एक पांढरी पूड मिसळली जाते आहे, आणि ती कसली असं विचारलं तर मॅनेजर हसतो."

उद्याच्या सभेची सुरुवात हीच. 'हसतो' म्हटल्यावर थांबायचं. लोकांना ते हसू आठवू द्यायचं.

पूड नव्याने आली आहे. पोत्यांवर नाव नाही. मी विचारायला गेले तर म्हणाला, "काचेतला हिरवटपणा जातो बाई, बरण्या पाण्यासारख्या स्वच्छ दिसतात." मी म्हटलं, "आणि माणसं कशी दिसतात?" त्यावर हसला.

दुसऱ्याच दिवशी तो एक पेटी घेऊन आला. आत पितळेच्या तोंडनळ्या. फुंकणीच्या टोकाला बसवायची, आपली फुंक झाली की काढून घ्यायची, ज्याची त्याला वेगळी. "स्वच्छता," म्हणाला. मी एक उचलून उलटी केली. खाली आकडा कोरलेला. सगळ्यांवर आकडे. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. ज्या माणसाने आमच्या मोरीला अजून दार लावलं नाही, त्याला एकाएकी आमच्या ओठांचा कळवळा? आकडे कशाला हवेत? कोणी किती फुंका मारल्या ते मोजायला. आज मोजतील, उद्या कमी फुंकणाऱ्याला घरी बसवतील.

आमच्याकडे एका फुंकणीवर तिघं असतात. पहिला भट्टीतून तापलेल्या काचेचा गोळा उचलतो आणि पहिली फुंक घालतो. दुसरा साच्यात धरून फुगवतो. तिसरा शेवटची फुंक घालून आकार सारखा करतो आणि बरणीचं तोंड घडवतो. फुंकणी हातातून हातात, ओठांतून ओठांत जाते. मध्ये पुसत बसलं तर काच गोठते. आमच्या फुंकणीवर पहिली मी, दुसरी भिंगरी, तिसरा बोळका. भिंगरी म्हणजे माझ्या ताईची मुलगी, वीस वर्षांची. फुंकणी अशी गरगर फिरवते की गोळा एका बाजूला कधी लोंबत नाही, म्हणून हे नाव. बोळक्याचे पुढचे दात गेलेत, जीभ मात्र शाबूत आहे. मला सगळे तोफ म्हणतात. तोंडावरसुद्धा.

घसा फार दुखतो आहे. भाषणाचा घसा, नेहमीचाच. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या.

३ फेब्रुवारी

जिंकलो! पुडीबद्दल मालकाने लेखी सांगावं हा ठराव एकमताने, आणि तोंडनळ्या नकोत हा त्याहून मोठ्या आवाजात. मी म्हटलं, "एका फुंकणीवर तिघांचे ओठ लागतात, तीच आपली युनियन आहे! बाकी सगळं पावतीपुस्तक! ज्याला माझ्या शेजाऱ्याचं उष्टं चालत नाही, त्याला त्याच्याबरोबर संपही चालणार नाही!" टाळ्या थांबेनात.

मॅनेजरने पेटी काखेत मारली आणि एक शब्द न बोलता गेला. मला वाटलं होतं भांडेल. इतकं गपचूप? काहीतरी शिजतं आहे.

बोळका म्हणाला, "तोफे, ती तोंडनळी मला बरी वाटली होती गं. दात नाहीत, ओठ घसरतात." मी म्हटलं, "मग मतदानाला हात का वर केलास?" तर म्हणे, "तू बघत होतीस."

आवाज पार बसला. अंगात कणकण आहे.

६ फेब्रुवारी

भिंगरीचाही घसा धरला. "मावशी, गिळताना काचेचा चुरा गिळल्यासारखं वाटतंय." मी म्हटलं, "घोषणा माझ्यापेक्षा तूच जास्त दिल्यास. गुळण्या कर." ताई म्हणत होती कारखान्याच्या डॉक्टरला दाखवू. मी बजावलं, त्याच्या दारात पाऊल टाकायचं नाही. तो नाडी धरतो आमची आणि कान लावून बसतो मालकाच्या दाराला. कोण आजारी, कोण थकलं, सगळं वर कळतं.

चार दिवसांत बरं वाटेल.

२४ फेब्रुवारी

मधल्या दिवसांत लिहिण्यासारखं काही झालं नाही. घसे बरे झाले. पुडीबद्दल उत्तर नाही.

आज मात्र भिंगरी लंगडत आली. गुडघा सुजलाय, हात लावू देत नाही. पडलीस का? नाही. आपटलीस का? नाही. बोळका म्हणाला, "नाचलीस का?" तर हसली, पण डोळ्यांत पाणी होतं.

२६ फेब्रुवारी

गुडघा आज ठीक आहे आणि घोटा सुजला आहे. संध्याकाळी मनगट. दुखणं अंगात भाडेकरूसारखं खोल्या बदलत फिरतं आहे. असा आजार मी ऐकलेला नाही. आणि पूड येण्याआधी आमच्यात कोणाला तो झालेला नाही. दोन आणि दोन चार.

२७ फेब्रुवारी

गोळा साच्यात होता आणि भिंगरीची फुंक अर्ध्यात तुटली. फुंकणी खाली पडली. ती भिंतीला टेकून बसली आणि नुसती श्वास ओढत राहिली. छातीवर हात ठेवला तर आत कोणीतरी दार ठोठावत असल्यासारखं.

ताईला बोलावून तिला सरकारी दवाखान्यात नेलं. हृदयाच्या डॉक्टरीणबाई आहेत, केस आखूड, बोलणं त्याहून आखूड. बिस्किट खाता खाता त्यांनी छातीवर नळी लावली आणि खायचं थांबवलं. मग पडद्याचं यंत्र लावलं. पडद्यावर पोरीचं हृदय उघडझाप करत होतं. आत एक झडप नीट मिटत नव्हती, रक्त मागे फिरत होतं.

यंत्राच्या बाजूला पाटी होती. मी चष्मा लावून वाचली. भेट देणाऱ्याचं नाव आमच्या मालकाचं!

बाईंनी विचारलं, "महिनाभरात घसा दुखला होता का हिचा?"

भिंगरी काही बोलायच्या आत मी म्हटलं, "तिच्या छातीचं चाललंय, घशाचं काय मध्येच?"

"घशापासूनच सुरू होतं ते."

मग त्यांनी समजावलं. घशात एक जंतू येतो. शरीर त्याच्यावर फौज सोडतं. त्या जंतूच्या अंगावरची नक्षी आणि हृदयाच्या, सांध्यांच्या कापडावरची नक्षी जवळजवळ सारखी असते. फौज घशातला जंतू मारते, पण तिथे थांबत नाही. तीच नक्षी दिसली म्हणून हृदयावर चालून जाते. घसा बरा झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी हा तमाशा सुरू होतो, म्हणून लोकांना दोन्हींचा संबंध लागत नाही. सगळ्यांना होत नाही, थोड्यांनाच.

मी म्हटलं, "म्हणजे गुन्हेगार कोण? पोरीचं स्वतःचंच शरीर?"

"गुन्हेगार वगैरे मला माहीत नाही. सूज आहे आणि ती उतरवायची आहे."

"आमच्या कारखान्यात नवीन पूड आली आहे, ते विचारलंत?"

"आता विचारते. कसली पूड?"

"तेच तर कोणी सांगत नाही!"

त्या ताईकडे वळून औषधं सांगू लागल्या.

१ मार्च

काल भिंगरीच्या कमरेत एक इंजेक्शन दिलं. दुधासारखं घट्ट, सुई जाड. पोरगी कळवळली. दर तीन आठवड्यांनी घ्यायचं, वर्षानुवर्षं! का? तर घशात तो जंतू पुन्हा शिरूच नये म्हणून. पुन्हा शिरला तर फौज पुन्हा चालून येईल आणि झडप आणखी फाटेल.

मी सगळं ऐकून घेतलं. माझं वाचन काही आजचं नाही. रेडियमच्या रंगाने घड्याळांचे चमकणारे आकडे रंगवणाऱ्या मुलींचे जबडे झडले, तेव्हा कंपनीची माणसं म्हणाली मुलींनाच घाणेरडा रोग आहे. काड्यापेटीच्या कारखान्यांत फॉस्फरसने हाडं सडली, तेव्हा म्हणाले कामगार दात घासत नाहीत. टोप्या करणारे पाऱ्याने थरथर कापत, त्यांना दारुडे म्हटलं. प्रत्येक वेळी दोष कोणाचा? मरणाऱ्याच्या शरीराचा! आणि आता तर इतकी सफाईदार गोष्ट काढली आहे की शरीर स्वतःलाच शत्रू समजतं. मालकाला याहून सोयीचा सिद्धांत मिळणार नाही.

हे सगळं भिंगरीला सांगितलं. पडल्या पडल्या तिने विचारलं, "त्या घड्याळवाल्या मुली कुंचल्याला ओठांनी टोक काढायच्या ना, मावशी?"

"हो."

"म्हणजे त्यांच्याही तोंडातूनच गेलं."

पोरगी मुद्दा सोडून भलतीकडेच जाते. ताप असेल.

९ मार्च

डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर गाठलं. "कामावर तुम्ही तोंडाने काय करता?"

"काच फुंकतो."

"एकाच नळीने?"

मी सावध झाले. तोंडनळ्यांची गोष्ट यांच्यापर्यंत कशी पोचली? मी म्हटलं, "कारखान्याच्या आतल्या गोष्टी मी बाहेर बोलत नाही."

"मला तुमच्या तिघांच्या घशाचा नमुना हवा आहे. कापसाची काडी फिरवायची, बस्स."

नमुना! आज घशाचा, उद्या रक्ताचा, परवा कामावरून काढायच्या लोकांची नावं तयार. मी सरळ सांगितलं, माझा घसा ही कामगारांची मालमत्ता आहे. बाई म्हणाल्या, "मग कामगारांनाच विचारा." जीभ तिखट आहे बयेची. विकली गेली नसती तर मला आवडली असती.

पोत्यातली चिमूटभर पूड कागदात बांधून आणली. कॉलेजात रसायनं शिकवणारा एक मास्तर ओळखीचा आहे, त्याला दिली.

२० मार्च

भिंगरी घरी आली आहे. सूज उतरली, सांधे मोकळे झाले, जिना चढताना थांबते तेवढंच. इंजेक्शनची तारीख जवळ आली. मी ताईला म्हटलं, "पुडीचा निकाल येईपर्यंत थांबू या. ज्यांच्या यंत्रावर मालकाचं नाव, त्यांच्या सुईत काय आहे कोणी बघितलंय?"

भावोजी म्हणाले, "पण पोरगी त्याच औषधांनी उठली ना?"

"ती वेगळी औषधं. हे पुढचं, कायमचं. कायमचं गिऱ्हाईक करून ठेवतात."

ताईने दोघांकडे पाहिलं. मग म्हणाली, "तू एवढं वाचतेस बाई. तू म्हणशील तसं."

भिंगरी म्हणाली, "मला कोणी विचारतंय का?" तिला म्हटलं, तू पड.

२ एप्रिल

मास्तरचा निकाल आला. पूड श्वासात जाणं फुफ्फुसांना चांगलं नाही, पोती ओतताना तोंडावर फडकं बांधा, मालकाकडून लेखी माहिती मागा, तो तुमचा हक्क आहे. इथवर मी मान डोलावली. मग म्हणाला, "पण हृदयाची झडप आणि फिरते सांधे, हे या पुडीचं काम नव्हे. तुमच्या डॉक्टरीणबाई सांगतात तेच मला बरोबर वाटतं."

त्याने मला सरबत दिलं होतं. पेला बघितला तर आमच्याच कारखान्याचा. सरबत तसंच ठेवून उठले.

बोळक्याला सांगितलं तर तो म्हणाला, "तोफे, गावभर आपलेच पेले आहेत गं. मग काय सगळं गाव फितूर?"

मला आणखी एक मत हवं आहे. तोवर इंजेक्शन नाही.

११ एप्रिल

पुडीवर दुसरी सभा घेतली. गर्दी कमी. घसा पुन्हा धरला आहे, गिळवत नाही. आवाज फुटत नव्हता तरी बोलले. तिथून थेट भिंगरीकडे. तिला एकटं वाटतं म्हणून रोज संध्याकाळी उशाशी बसून वाचून दाखवते. घसा कोरडा पडला की तिच्याच कपातला चहा घेते. म्हणाली, "मावशी, आज नको वाचूस, तुझा आवाज कावळ्यासारखा येतोय." मी म्हटलं, "कावळा तर कावळा, अध्याय पुरा करणार."

तिने हसत कप माझ्या हातातून परत घेतला आणि उरलेला चहा पिऊन टाकला.

२९ एप्रिल

आज तिला उचलून न्यावं लागलं. चार दिवस सांधे दुखत होते, तिने कोणाला सांगितलं नाही. आज आडवं पडता येईना. बसून, पुढे वाकून, तोंड उघडं टाकून श्वास घेत होती. पावलं सुजलेली.

डॉक्टरीणबाईंनी कागद बघितले. "दुसरं इंजेक्शन कुठे आहे?"

भावोजी पिशवीचे बंद आवळू लागले.

"तिसरं?"

ताईने माझ्याकडे बोट केलं नाही. नुसतं माझ्याकडे बघितलं. बोट केलं असतं तर बरं झालं असतं.

बाई म्हणाल्या, "झडप आधी थोडी गळत होती. आता ती जवळजवळ मिटतच नाही. जगवायचा प्रयत्न करते. भाषण असेल तर बाहेर करा."

मी भाषण करणारच नव्हते.

३० एप्रिल

बाहेरच्या बाकावर बसले होते. आत जायला नर्स सोडत नाही. ताई मला न बघता ये-जा करते. भावोजींनी एकदा पाणी आणून दिलं.

जे माझ्याजवळ आहे ते सगळं मांडून पाहिलं. पूड आहे. पाटी आहे. आकडे आहेत. तरी पूड तर साठ जणांच्या नाकात जाते, आणि भिंगरी मार्चपासून कारखान्यात गेलेलीच नाही. मग दुसऱ्यांदा तिला कोणी गाठलं? घरात कोण येत होतं? ताई, भावोजी, शेजारीण एकदा. शेजारणीचा मुलगा मॅनेजरकडे काम शोधत होता, हे मला आत्ता आठवलं. विचारलं पाहिजे तिला.

३ मे

बोळका आला. शर्ट धुतलेला, केस विंचरलेले. म्हणाला, "मी घसा दाखवून आलो."

"कोणाला विचारून?"

"माझा घसा आहे. काही निघालं नाही. पण बाईंनी विचारलं, फुंकणी कोणाकडून कोणाकडे जाते. मी सांगून टाकलं."

"फितूर!"

"असू दे. तू त्या पोरीला श्वास घेताना बघितलंस ना? मीही खिडकीतून बघितलं. बरणी फुंकताना एवढा श्वास नाही लागत गं, जेवढा तिला नुसतं बसायला लागतोय." मग डोळे पुसून म्हणाला, "पहिली फुंक तुझी असते, तोफे."

एवढं बोलून निघून गेला. लोक कसे बदलतात. याच माणसाला मी तीन वेळा कामावर परत घ्यायला लावलं होतं.

दुपारी डॉक्टरीणबाईंनी मला बोलावलं. मी गेले. का गेले ते लिहीत नाही. बाईंनी काडी घशात फिरवली, मला ओकारी आली, त्या म्हणाल्या, "झालं."

६ मे

भिंगरी धोक्यातून बाहेर आहे. आज नाकातली नळी काढली.

माझ्या घशात तो जंतू निघाला. मला गोळ्या दिल्या आहेत. मी विचारलं, "मला कोणी दिला?" बाई म्हणाल्या, "कोणी कोणाला दिला, हे आता कोणीच खात्रीने सांगू शकणार नाही." ते वाक्य मी त्यांना पुन्हा म्हणायला लावलं. खात्रीने सांगू शकणार नाही. लिहून ठेवते आहे.

तरी डोक्यातला किडा जात नाही. मला कुठून आला? फेब्रुवारीच्या आधी आमच्या फुंकणीवर बदली म्हणून कोण आलं होतं? आणि मोठा प्रश्न तर वेगळाच आहे. तोंडनळ्या जर चांगल्या होत्या, तर मॅनेजरने दोन टाळ्यांत पेटी परत का नेली? जोर का नाही लावला? त्याला माहीत होतं आपण नाही म्हणणार. त्याला हेच हवं होतं. हे मी सिद्ध करीन.

९ मे

आज आत सोडलं. भिंगरी उशांना टेकून बसली होती. इंजेक्शन घेतलं होतं, कुशीवर कलून बसली होती. मी शेजारी बसले तर म्हणाली, "लांब बस." मग माझा चेहरा बघून, "गोळ्या संपल्या का तुझ्या?"

"उद्या संपतात."

"मग उद्या जवळ बस."

झडपेचं ऑपरेशन करावं लागेल, सूज पूर्ण उतरल्यावर. पुन्हा फुंकता येईल का, हे बाई सांगत नाहीत. मी म्हटलं, "मी बघते कसं सांगत नाहीत ते."

"मावशी, तू काही बघू नकोस." श्वास घ्यायला थांबली. "बोळकाकाका सांगत होते, पाच नंबरच्या फुंकणीवर दोघांचे घसे धरलेत. तिकडे ती नवी पोरगी आहे, अठराची. लोक तुझं ऐकतात ना? मग सांग त्यांना."

"काय सांगू?"

"घसा दाखवा म्हणून. मॅनेजर नको, पूड नको, पाटी नको त्यात. एवढंच सांग."

"एवढ्याचं भाषण होत नाही, भिंगरे."

"मग भाषण करू नकोस."

डॉक्टरीणबाईंशी बोलले. उद्या सकाळी त्या स्वतः येणार आहेत, कारखान्याच्या फाटकाबाहेर. आत नको, ही माझी अट. त्यांनी ती मानली. इतक्या सहज मानली याचं मला नवल वाटलं, पण पुढे विचार केला नाही.

आता उद्याचे शब्द. मालकावरची तीन वाक्यं लिहिली होती, चांगली होती, खोडली. उरलं ते असं:

"बहिणींनो आणि भावांनो, आपला घसा दुखला की आपल्याला कोणी सांगितलं नाही की ते घशाशी संपत नाही. मालकाने सांगितलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. माझा घसा दोनदा धरला आणि मला वाटलं ते भाषणाने. त्याच घशाने मी पहिली फुंक घालत होते आणि फुंकणी पुढे देत होते. पुढे कोण उभं होतं ते तुम्हाला माहीत आहे. आज ती दवाखान्यात आहे. पाच नंबरच्या फुंकणीवर आत्ता दोघांना गिळवत नाही. त्यांच्या पुढेही कोणीतरी उभं आहे. म्हणून आता भोंगा वाजला तरी आत जाऊ नका. फाटकाबाहेरच्या बाकावर डॉक्टरीणबाई बसल्या आहेत. आज फुंकणीला ओठ लावण्याआधी, एकेक करून, त्यांच्यापुढे बसा आणि घसा तपासून घ्या."